डी सोटो मेमोरियल की फोर्ट डी सोटो?

फ्लोरिडात टॅम्पाला नातेवाइकांकडे गेलात आणि फोनच्या नकाशात नुसतं 'डी सोटो' शोधलंत, तर दोन ठिकाणं समोर येतात. दोन्ही टॅम्पा बेच्या तोंडाशी, दोन्ही पाण्याकाठी. पण एकाहून दुसरीकडे जायचं तर सनशाइन स्कायवे पूल ओलांडून तासाभराची वाट आहे. मुलांना स्पॅनिश मोहिमेचा काळ दाखवायचा असेल तर ब्रेडेंटनचं डी सोटो नॅशनल मेमोरियल गाठा.

फोर्ट डी सोटो हा किल्ला खरा, पण स्पॅनिश लोकांचा नव्हे. 1898 मध्ये स्पेनशी युद्ध पेटल्यावर अमेरिकेलाच आपला किनारा राखायची निकड वाटली. बांधकाम सुरू होईतो लढाई थांबलीही होती. 1900 मध्ये किल्ला पुरा झाला, त्याच्या बाराइंची उखळी तोफा शत्रूवर कधीच डागल्या गेल्या नाहीत. त्यातल्या चार आजही जागेवर आहेत, आणि भिंतींच्या काँक्रीटमध्ये शिंपल्यांचे तुकडे दिसतात, तेही बघा. बाकी तो काउंटीचा पार्क आहे: समुद्रकिनारा, सायकली, मासेमारी, तंबू.

मेमोरियलची गोष्ट 1539 ची. त्या वर्षीच्या मे महिन्यात स्पॅनिश मोहिमेचा म्होरक्या हर्नांडो डी सोटो सहाशेंहून अधिक माणसं, दोनशेच्या वर घोडे आणि डुकरं घेऊन टॅम्पा बेच्या परिसरात उतरला. नेमका याच टोकावर उतरला, असा पुरावा नाही. स्मारक मोहिमेचं आहे. एरवी हिवाळ्यात, साधारण डिसेंबर ते एप्रिल, इथे 'कॅम्प उझिता' ही छावणी मांडतात. त्या काळच्या पोशाखातले लोक तोड्याची बंदूक चालवून दाखवतात. आधी दारू ओतायची, गोळी ठासायची, बंदुकीच्या कानात, म्हणजे बत्ती द्यायच्या जागी, दारू घालायची, मग पेटती वात तिथे टेकवायची. हे सगळं होईपर्यंत धनुष्यवाल्याचे किती बाण सुटत असतील, हा प्रश्न मुलं आपणहून विचारतात. कड्यांचं चिलखत अंगावर चढवायला मिळालं, तर त्याचं वजन खांद्यांनाच कळतं.

उझिता हे मूळ रहिवाशांच्या गावाचं नाव. डी सोटोच्या लोकांनी ते बळकावून घरं पाडली, आणि कैद्यांसाठी लोखंडी साखळ्या त्यांनी स्वदेशाहूनच आणल्या होत्या. चिलखताचं कौतुक करताना मुलांना हेही सांगा. हुआन ओर्तिसची गोष्टही जरूर सांगा. आधीच्या एका मोहिमेच्या शोधात आलेला हा स्पॅनिश तरुण पकडला गेला आणि दहाएक वर्षं इथल्या लोकांत राहिला. डी सोटोच्या स्वारांनी त्यालाही शत्रू समजून भाला उगारला, तेव्हा मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये ओरडून त्याने जीव वाचवला. पुढे तोच मोहिमेचा दुभाषा झाला.

मेमोरियलला प्रवेश फुकट आहे. उन्हाळ्यात छावणी नसते, तेव्हा खारफुटीतली पायवाट चालता येते. 2024 च्या वादळांनी या किनाऱ्याला जबर तडाखा दिला होता, म्हणून निघण्यापूर्वी काय चालू आहे ते नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर बघून घ्या.