फिनलंडचं नाटक करायचंय? हक्क, भाषांतर-अनुदान आणि कागदपत्रांची माहिती

फिनिश नाटक परदेशात करायचं, तर तीन दारं ठोठवावी लागतात. प्रयोगाच्या हक्कांसाठी एजन्सी किंवा लेखकांची संघटना, भाषांतराच्या खर्चासाठी अनुदान देणारी संस्था आणि शेवटी आपल्या गावचे नियम. या तिन्हींचा एकमेकांशी संबंध असला तरी एकाची परवानगी दुसऱ्याला चालत नाही. अनुदान मिळालं म्हणजे हक्क मिळाले असं नसतं. सेन्सॉर झालं म्हणजे लेखकाने हो म्हटलं असंही नसतं.

गोंधळ बहुतेक वेळा क्रमात होतो. एका हौशी संस्थेने आधी नाट्यगृहाची तारीख घेतली, मग इंग्रजी संहितेवरून मराठी केलं, तालमी सुरू केल्या आणि शेवटी हक्कांसाठी मेल टाकला. उत्तर आलं, तेव्हा शुभारंभाला अकरा दिवस उरले होते आणि उत्तरात पहिलाच प्रश्न होता: भाषांतर कुणी, कोणत्या भाषेतून केलं? तारीख सोडावी लागली. म्हणून आधी हक्क, मग भाषांतरकार, मग अनुदान आणि सगळ्यात शेवटी तारीख.

कुणाकडे काय मागायचं

पहिला पत्ता टिन्फोचा. हे हेलसिंकीतलं फिनिश रंगभूमीचं माहिती केंद्र. फिनलंडच्या नाटकांची बाहेरच्या रंगकर्मींना ओळख करून देणं हे त्यांचं कामच आहे. कोणत्या नाटकाचं कोणत्या भाषेत भाषांतर झालंय, लेखकाचे हक्क कुणाकडे आहेत, हे त्यांना विचारता येतं. नाटकांच्या भाषांतरासाठी अनुदानही तेच देतात. पण हक्क ते विकत नाहीत. त्यांच्याकडून गोड उत्तर आलं म्हणून लगेच पोस्टर छापायला टाकू नका.

हक्क असतात दोन-तीन ठिकाणी. नॉर्डिक ड्रामा कॉर्नर ही हेलसिंकीतली नाट्य-एजन्सी, जिचं फिनिश नाव नायतेल्मॅकुल्मा. बऱ्याच आजच्या नाटककारांचं काम तिच्याकडे असतं. दुसरी सुन्क्लो, म्हणजे नाटककार आणि पटकथाकारांची 1921 साली स्थापन झालेली संघटना. सभासद लेखकांच्या प्रयोगांचे परवाने ती देते. काही लेखकांचे परदेशातले हक्क जर्मनीतल्या किंवा इतर देशांतल्या एजन्सीकडे असतात. टिन्फोला विचारलं की दार चुकत नाही.

फिलीचं नाव घेऊन अनेक जण चुकीच्या रांगेत उभे राहतात. 1977 पासून काम करणारी ही संस्था फिनिश साहित्य संस्थेचा भाग आहे आणि तिचा मुख्य भर पुस्तकांवर आहे. तिचं भाषांतर-अनुदान परदेशी प्रकाशकासाठी असतं आणि पुस्तक येण्याआधी अर्ज करावा लागतो. नाटक रंगमंचावर करायचं असेल तर टिन्फो, पुस्तक म्हणून छापायचं असेल तर प्रकाशकाला फिलीकडे पाठवा.

कोणतं नाटक निवडलंय, त्यावर हक्काचा मार्ग ठरतो

सोफी ओक्सानेनचं ‘पुहदिस्तुस’ (इंग्रजीत ‘पर्ज’) बऱ्याच जणांना कादंबरी म्हणून माहीत असतं. खरं तर ते आधी नाटक म्हणून 2007 साली फिनलंडच्या राष्ट्रीय नाट्यगृहात आलं आणि 2008 साली त्याची कादंबरी झाली. त्यामुळे ‘आम्हाला ते करायचंय’ एवढं लिहून भागत नाही. मूळ नाटकाचा प्रयोग करणार की कादंबरीवरून स्वतःचं नाट्यरूपांतर, हे आधी सांगा. दोन्हींचे हक्क वेगळे.

मिका म्युल्युआहोंचं ‘पानिक्की’ तीन पुरुषांचं आणि त्यापुढचं ‘काओस’ तीन स्त्रियांचं. प्रायोगिक गटाला पात्रसंख्या आणि नेपथ्याच्या हिशेबाने ही झेपतात, आणि दोन्ही अनेक भाषांत झालीही आहेत. युहा योकेलाचं ‘फुन्दामेन्तालिस्ती’ चर्चेवर उभं आहे, म्हणजे मराठी नटांना सवयीचं मैदान. पिप्सा लोंकाच्या नाटकांत माणसांबरोबर पक्षी-प्राण्यांनाही जागा असते. तिथे भाषांतरकाराची खरी कसोटी लागते.

जुनं नाटक घेणार असाल तर काम सोपं होतं. फिनलंडमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर 70 वर्षं आणि भारतात 60 वर्षं कॉपीराइट चालतो. आलेक्सिस किवी 1872 साली गेले, मिन्ना कांत 1897 साली. त्यांची मूळ नाटकं मोकळी आहेत. 1954 साली निवर्तलेल्या हेल्ला वुओलियोकीच्या नाटकांवरचा हक्क भारतात 2014 अखेर संपला, फिनलंडमध्ये 2024 अखेर. पण मूळ मोकळं असलं तरी गेल्या पन्नास वर्षांतलं त्याचं इंग्रजी भाषांतर मोकळं नसतं. त्यावरून मराठी करायचं तर त्या भाषांतरकाराची परवानगी लागते.

भाषांतर: अर्जातला सगळ्यात जड कागद

अनुदान देणारी संस्था असो की हक्कधारक, दोघांचं बारीक लक्ष भाषांतरकारावर असतं. तो मूळ फिनिशमधून भाषांतर करणार का, भाषांतर त्याच्या मातृभाषेत आहे का, याआधी त्याने काय केलंय. आपण इंग्रजी संहितेवरून मराठी करण्यात इतके तरबेज आहोत की हा आग्रह उगाचचा वाटतो. तो उगाचचा नाही.

फिनिशमध्ये ‘तो’ आणि ‘ती’ यांना मिळून एकच सर्वनाम आहे: ‘हॅन’. ‘हॅन तुली’ म्हणजे कुणीतरी आलं. इंग्रजी भाषांतरकाराला तिथे स्त्री की पुरुष हे ठरवावंच लागतं. त्यावरून आपण ‘तो आला’ लिहितो. मूळ लेखिकेने मात्र ते पात्र स्त्री की पुरुष हे पाचव्या प्रवेशापर्यंत मुद्दाम झाकून ठेवलेलं असू शकतं. मराठीची पंचाईत आणखी मोठी, कारण आपलं क्रियापदही लिंग सांगतं. आला, आली, आलं यांपैकी एक निवडल्याशिवाय वाक्यच पुरं होत नाही. पण मूळ समोर असेल तर ‘कोण आहे दाराशी?’ असं वळवून वाट काढता येते. इंग्रजीवरून करताना इथे वाट काढायची होती, हेच कळत नाही.

मग मराठीत फिनिश जाणणारं माणूस आणायचं कुठून? हेलसिंकी, एस्पो, ताम्पेरे, औलू इथे नोकरीनिमित्त राहणारे मराठी लोक आहेत. फिनिश शिकलेल्या अशा एखाद्याने मूळाशी ताडून पाहायचं आणि संवादांचा कान असलेल्या नाटकवाल्याने मराठी लिहायचं. अर्जात दोघांची नावं आणि कुणी काय केलं ते स्पष्ट लिहा. इंग्रजीवरून करणार असाल तर तेही लपवू नका, इंग्रजी भाषांतरकाराची संमती जोडा. एजन्सीला ते चालतं का, हे तीच सांगेल.

भाषांतर-अर्जाला साधारण हे कागद तयार ठेवा: भाषांतरकाराची माहिती आणि आधीची कामं, नाटकातल्या एखाद्या प्रवेशाचं नमुना भाषांतर, हक्कधारकाचं संमतीपत्र, भाषांतरकाराशी केलेला करार किंवा त्याचा मसुदा, मोबदल्याचा आकडा युरोमध्ये, आणि प्रयोग करणाऱ्या नाट्यसंस्थेचं पत्र. या शेवटच्या पत्राकडे लोक दुर्लक्ष करतात. कपाटात पडून राहणाऱ्या भाषांतरापेक्षा रंगमंचावर जाणाऱ्या भाषांतराचा अर्ज नेहमीच उजवा ठरतो. अर्जाची मुदत आणि रक्कम दर फेरीला संस्थेच्या संकेतस्थळावरच पाहा.

हक्क मागणारं पत्र

एजन्सीला लांबलचक मेल नको असतो. ‘आम्ही कलेचे निस्सीम उपासक’ हे तर मुळीच नको. तिला हिशेब करता येईल इतकी माहिती द्या. इंग्रजीत पाठवायच्या पत्राचा मजकूर साधारण असा:

‘आमची संस्था अमुक गावी 2009 पासून प्रायोगिक नाटकं करते. या नाटकाचा मराठी प्रयोग करायची आमची इच्छा आहे. वाचनासाठी इंग्रजी संहिता मिळावी. नियोजन: 6 प्रयोग, 120 आसनांचं सभागृह, तिकीट 200 रुपये, सर्व प्रयोग महाराष्ट्रात, कालावधी 12 महिने. भाषांतर मूळ फिनिशमधून, भाषांतरकाराची माहिती सोबत. दृक्श्राव्य चित्रीकरण नाही. नावं आणि स्थळं मूळच ठेवणार.’

शेवटची ओळ मुद्दाम घातली आहे. रूपांतराची आपल्याला जुनी आवड आहे: मळ्याचा वाडा होतो, पाद्रीचा भटजी होतो आणि हेलसिंकीचं पुणे. हक्काच्या भाषेत हे भाषांतर नसून रूपांतर आहे आणि त्याला वेगळी लेखी परवानगी लागते. प्रवेश गाळणं, दोन पात्रं एक करणं, गाणी घालणं, सगळंच आधी विचारायचं. लेखक हो म्हणतात, बरेचदा आनंदाने म्हणतात, पण विचारल्यावर.

उत्तर अनुकूल आलं की करार येतो. त्यात भाषा, प्रदेश, प्रयोगांची संख्या आणि मुदत असते. परवाना एकट्या तुम्हालाच की इतरांनाही, तेही असतं. मोबदल्याचा भाग नीट वाचा. आपल्याकडे लेखकाला प्रयोगामागे ठरावीक मानधन देण्याची पद्धत आहे. तिकडे मात्र बहुतेकदा गल्ल्याची टक्केवारी असते आणि त्याखाली किमान रक्कम. प्रयोग रिकामा गेला तरी किमान रक्कम द्यावीच लागते. लहान संस्थेने टक्केवारीपेक्षा या किमान रकमेवर बोलावं. तिकिटाचे दर आणि सभागृहाचा आकार खरा सांगितला तर एजन्सी ती कमी करू शकते. युट्यूबवर टाकणं, स्पर्धेत उतरवणं, परगावी दौरा, पुस्तक छापणं यांपैकी जे करारात नाही ते तुमचं नाही.

पैशाची बाजू

इथे नाट्यसंस्थेच्या खजिनदाराला बोलवा, आणि शक्यतो सीएलाही.

हक्काची रक्कम फिनलंडला पाठवताना इथे कर कापावा लागतो. भारत-फिनलंड कर-करारानुसार रॉयल्टीवरचा हा दर 10 टक्के आहे, पण तो लावण्यासाठी समोरच्याकडून तिथल्या कर खात्याचं टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट, म्हणजे तिथला करनिवासी असल्याचा दाखला हवा. तो एजन्सीशी करार करतानाच मागून घ्या. पैसे पाठवायच्या आदल्या दिवशी मागितला तर बँक अडवते आणि एजन्सी वैतागते. करात कापलेली रक्कम कुणाच्या वाट्याची, हेही करारात पाहा. ‘निव्वळ रक्कम आमच्या खात्यात आली पाहिजे’ अशी ओळ असेल तर कर तुमच्या खिशातून जातो.

उलट दिशेने पैसे येणार असतील तर त्याहून सावध राहा. संस्था ट्रस्ट किंवा सोसायटी म्हणून नोंदलेली असेल आणि परदेशी अनुदान थेट तिच्या खात्यात येणार असेल, तर एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. ती रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच घ्यावी लागते. बहुतेक नाट्यसंस्थांकडे यातलं काहीच नसतं. म्हणून अर्जदार कोण आणि पैसे कुणाला, हे अर्ज भरण्याआधीच ठरवा. भाषांतरकाराला त्याच्या व्यवसायातल्या कामाचा मोबदला म्हणून रक्कम मिळणं आणि संस्थेला देणगी किंवा अनुदान मिळणं, कायद्याच्या नजरेत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेमकी रेषा तुमच्या कागदांवरून सीएला काढू द्या.

आपल्याकडचं काम

महाराष्ट्रात प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. सगळे या मंडळाला सेन्सॉरच म्हणतात. तिथे मराठी संहिता आणि अर्ज यांच्यासोबत मूळ लेखक आणि भाषांतरकार दोघांची परवानगी जोडा. एजन्सीचा करार इंग्रजीत असेल, तर त्यातला परवानगीचा भाग मराठीत सांगणारं एक पानाचं पत्र सोबत ठेवा. राज्य नाट्य स्पर्धेसाठीही हेच कागद पुन्हा लागतात, म्हणून सगळ्याचा एक संच वेगळा ठेवून द्या.

आधी बघून यायचं असेल तर

ताम्पेरेचा नाट्यमहोत्सव होतो ऑगस्टमध्ये. हेलसिंकीचा बाल्टिक सर्कल नोव्हेंबरात असतो आणि नव्या, वेडावाकड्या प्रयोगांसाठी तो जास्त उपयोगाचा. फिनलंडला जायला लागणाऱ्या 90 दिवसांपर्यंतच्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो आणि निदान 15 दिवस आधी करावा लागतो. प्रौढांसाठी शुल्क 90 युरो, शिवाय किमान 30,000 युरोचा वैद्यकीय प्रवास विमा. महोत्सवाचं किंवा नाट्यगृहाचं निमंत्रणपत्र असलं की जाण्याचं कारण पटवणं सोपं जातं. ते टिन्फोशी बोलणं चालू असतानाच मागा.

प्रयोग झाल्यावर

करारात ठरलेल्या मुदतीत विक्रीचा हिशेब पाठवायचा असतो: तारीख, सभागृह, विकलेली तिकिटं, पास, गल्ला. पासही लिहा, पहिल्या दोन रांगा पाहुण्यांच्या होत्या हे सांगायला लाजू नका. सोबत पोस्टर आणि फोटो पाठवा. पोस्टरवर लेखक, भाषांतरकार, एजन्सी आणि अनुदान दिलेली संस्था यांची नावं करारात दिली असतील तशीच हवीत, अक्षरही न बदलता. मराठी संहितेची एक प्रतही एजन्सी बहुतेक वेळा मागते. पावसामुळे किंवा नटाच्या आजारपणामुळे प्रयोग रद्द झाला तर त्याच आठवड्यात कळवा. सहापैकी पाचच झाले आणि सहावा पुढच्या वर्षी करू असं मनात असेल, तर परवान्याची मुदत वाढवून मिळते, मात्र ती संपण्याआधी मागावी लागते.