ग्रॅम स्टेन: रंग उतरवायचे ते काही सेकंद

महापे-रबाळे पट्ट्यातल्या औषध कंपनीची लॅब असो की ठाण्यातली पॅथॉलॉजी लॅब, अनोळखी जिवाणू समोर आला की आधी ग्रॅम स्टेन होतो, म्हणजे स्लाइडवर रंग देऊन जिवाणू जांभळा (ग्रॅम पॉझिटिव्ह) की गुलाबी (ग्रॅम निगेटिव्ह) हे पाहिलं जातं. कल्चरला, म्हणजे जिवाणू वाढवून पाहायला, एक-दोन दिवस लागतात, स्लाइड मात्र पंधरा-वीस मिनिटांत हातात येते. मेंदूज्वराच्या रुग्णाच्या पाठीतून काढलेल्या पाण्यात जोडीजोडीने बसलेले जांभळे गोल दिसले, तर डॉक्टरांच्या निर्णयाला तिथेच मोठा आधार मिळतो. म्हणूनच इथली चूक महाग पडते.

डॅनिश डॉक्टर हान्स क्रिस्टियान ग्राम यांनी १८८४ मध्ये बर्लिनला ही पद्धत मांडली. क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग आणि आयोडीन मिळून पेशीत मोठा रेणुसमूह तयार होतो. ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूची जाड भिंत अल्कोहोलने आवळते आणि रंग आत अडकतो. ग्रॅम निगेटिव्हचं बाहेरचं चरबीयुक्त आवरण अल्कोहोलमध्ये विरघळतं, आतली भिंत पातळ असते, त्यामुळे रंग निघून जातो. मग सॅफ्रानिन या दुसऱ्या रंगाने त्या पेशी गुलाबी होतात.

सगळं अवलंबून आहे ते अल्कोहोल किती वेळ राहतं यावर. जास्त झालं तर पॉझिटिव्हही गुलाबी दिसतात, कमी पडलं तर निगेटिव्ह जांभळेच राहतात. नुसत्या अल्कोहोलपेक्षा ॲसिटोन मिसळलेलं द्रावण कितीतरी झपाट्याने रंग उतरवतं, म्हणजे बाटली बदलली की हाताचा अंदाजही बदलायला हवा. स्लाइड तिरकी धरून थेंब थेंब सोडावं आणि खाली गळणारा रंग जवळपास थांबला की लगेच पाण्याखाली धरावं. स्मिअर, म्हणजे स्लाइडवर पसरलेला नमुन्याचा थर, जाड असेल तर हेही फुकट जातं: एकाच स्लाइडवर गठ्ठे जांभळे आणि कडा गुलाबी! पेशी सुट्या दिसतात तिथलाच भाग वाचावा.

पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत स्मिअर वाळता वाळत नाही. घाईने ओली स्लाइड बर्नरवर धरली, तर पेशींचे आकार बिघडतात, भिंती फाटतात, आणि फाटलेली पॉझिटिव्ह पेशी रंग सोडून देते. पातळ स्मिअर, पूर्ण वाळेपर्यंत धीर आणि मग मिथेनॉलने फिक्सिंग (पेशी काचेवर पक्क्या चिकटवणं), हा मला सर्वांत भरवशाचा मार्ग वाटतो.

कल्चर ताजं, साधारण १८ ते २४ तासांचं हवं. जुना बॅसिलस पॉझिटिव्ह असूनही बिनदिक्कत गुलाबी दिसतो. ॲसिनेटोबॅक्टर उलट, निगेटिव्ह असून जांभळा रंग धरून ठेवतो.

म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा: त्याच स्लाइडवर एका बाजूला स्टॅफिलोकॉकस ऑरियस (पॉझिटिव्ह), दुसऱ्या बाजूला ई. कोलाय (निगेटिव्ह) आणि मध्ये आपला नमुना. ओळखीचे दोघे आपापल्या रंगात दिसले नाहीत, तर मधल्याचं वाचन रिपोर्टमध्ये जाऊच नये.

तरीही शंका राहिली, तर ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात जिवाणूंच्या वसाहतीचा (कल्चरमध्ये वाढलेल्या ठिपक्याचा) थोडा भाग लूपने, म्हणजे टोकाला कडी असलेल्या तारेने, घोळावा. ग्रॅम निगेटिव्ह पेशी फुटून त्यांचा डीएनए बाहेर येतो आणि लूप वर उचलला की अर्ध्या-एक मिनिटात चिकट तार निघते. ग्रॅम पॉझिटिव्हची सहसा निघत नाही.