बोटाचा सांधा म्हणजे छोटा गुडघा नव्हे

गुडघ्यासारखा बोटाचा सांधाही धातूचा बसवला की हात पूर्वीसारखा वळतो, हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. प्रत्यक्षात बोटात बहुतेकदा बसतो सिलिकॉनचा एकसंध, लवचिक तुकडा: मध्ये बिजागरी, दोन्हीकडे निमुळत्या दांड्या. अमेरिकी सर्जन अल्फ्रेड स्वॉन्सन यांनी १९६०च्या दशकात तो रुळवला.

झिजलेली टोकं कापून या दांड्या हाडांच्या पोकळीत सरकवतात, सिमेंट न लावता. बोट हलताना त्या आत किंचित मागेपुढे होतात आणि भोवती शरीर स्वतःचं तंतुमय वेष्टण विणतं. खरा आधार त्याचाच. म्हणून एक्स-रेत सिलिकॉन तुटलेलं दिसलं, पण दुखत नसेल आणि बोट चालत असेल, तर बरेचदा पुन्हा शस्त्रक्रिया करत नाहीत.

दुखणं कमी होतं, हाच मुख्य फायदा. बोटाच्या मधल्या सांध्याची हालचाल साधारण आधी होती तेवढीच राहते.

शिवाय प्रत्येक सांधा बदलतही नाहीत. नखाजवळचा सहसा स्क्रूने कायमचा जोडून टाकतात. तर्जनीच्या मधल्या सांध्याबाबतही बरेच सर्जन तेच सुचवतात: किल्ली फिरवताना अंगठा तर्जनीला बाजूने रेटतो, तो ताण सिलिकॉनला झेपत नाही. अंगठ्याच्या बुडाशी तर अनेकदा कृत्रिम काहीच नसतं. ट्रॅपेझियम हे छोटं हाड काढतात, बस्स.

आमवातात मुठीचे, म्हणजे बोटांच्या बुडाचे, सांधे बदलल्यावर खरी कसरत पुढे असते. बोटं मोकळी सोडली तर पुन्हा करंगळीकडे झुकतात, नुसती बांधून ठेवली तर आखडतात. म्हणून स्प्लिंटमध्ये, म्हणजे हाताला बांधायच्या आधारात, सरळ धरूनच रोज ठरावीक व्यायाम, कित्येक आठवडे.