साडेचव्वेचाळीस मिनिटांचा देश

७ जानेवारी १९७२ हा शुक्रवार लायबेरियात चोवीस तासांचा नव्हता. तो २३ तास, १५ मिनिटं आणि ३० सेकंदांचा होता. पश्चिम आफ्रिकेतल्या या छोट्या देशाने त्या दिवशी आपली घड्याळं साडेचव्वेचाळीस मिनिटं पुढे सरकवली आणि ग्रीनिचची वेळ स्वीकारली. विल्यम टॉलबर्ट तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते.

अर्ध्या किंवा पाऊण तासाचा फरक आपल्याला नवा नाही. भारत ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, नेपाळ पावणेसहा तास. पण मिनिटांच्याही पुढे जाऊन तीस सेकंद? हा आकडा विक्षिप्त वाटला, तरी त्यामागे साधा हिशोब आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. लायबेरियाची राजधानी मोनरोव्हिया ग्रीनिचच्या पश्चिमेला पावणेअकरा अंशांहून किंचित जास्त अंतरावर आहे. त्यामुळे ग्रीनिचनंतर तिथे सूर्य माथ्यावर यायला सुमारे ४३ मिनिटं लागतात. १८८२ पासून मोनरोव्हियाने हीच वेळ नेमून घेतली होती: ग्रीनिचच्या ४३ मिनिटं ८ सेकंद मागे. १९१९ साली ती बदलून ४४ मिनिटं ३० सेकंद केली गेली.

या दुसऱ्या आकड्याचा उलटा हिशोब मांडून पाहण्यासारखा आहे. साडेचव्वेचाळीस मिनिटं म्हणजे ११ अंश साडेसात कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). हे रेखावृत्त मोनरोव्हियाच्या सुमारे ३५ किलोमीटर पश्चिमेकडून जातं. म्हणजे १९१९ नंतर देशाची घड्याळं राजधानीच्या सूर्याशीही नेमकी जुळत नव्हती. ८२ सेकंदांचा फरक होता. तरीही आजच्या मानाने ती सूर्याच्या कितीतरी जवळ होती.

अशा वेळा पाळणारा लायबेरिया काही एकटा नव्हता. डब्लिनचं घड्याळ १९१६ पर्यंत ग्रीनिचच्या २५ मिनिटं २१ सेकंद मागे चालायचं. नेदरलँड्समध्ये ॲमस्टरडॅमची वेळ १९३७ पर्यंत १९ मिनिटं ३२ सेकंद पुढे होती. आपल्या मुंबईनेही १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आल्यावर तिच्या ३९ मिनिटं मागे असलेली स्वतःची वेळ सोडली नाही. ती १९५५ पर्यंत टिकली. लायबेरिया वेगळा ठरतो तो सर्वांत शेवटी बदलल्यामुळे. सेकंदांपर्यंत मोजलेला असा फरक पाळणारा तो जगातला अखेरचा देश होता.

त्यातही नवलाची गोष्ट अशी की ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टनला मूळ रेखावृत्त ठरवण्यासाठी परिषद भरली, तेव्हा २५ देशांच्या यादीत लायबेरिया होता आणि त्याने ग्रीनिचच्या बाजूने मत दिलं होतं. २२ देश बाजूने, सान डोमिंगो (आजचं डोमिनिकन रिपब्लिक) विरोधात, फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ. मग पुढची ८८ वर्षं स्वतःचं घड्याळ का? यात विसंगती नाही. त्या परिषदेने रेखांश मोजायची सुरुवात कुठून करायची एवढंच ठरवलं आणि जगासाठी एक सामाईक दिवस सुचवला. कोणत्या देशाने कोणती स्थानिक वेळ पाळावी, हे तिने सांगितलंच नव्हतं. एक-एक तासाचे पट्टे देशांनी नंतर आपापल्या सोयीने स्वीकारले. आफ्रिकेच्या बहुतेक भागात तो निर्णय वसाहतींच्या सरकारांनी घेतला. लायबेरिया १८४७ पासून स्वतंत्र प्रजासत्ताक होता, त्याची वेळ त्याच्या हातात होती. म्हणूनच त्या जुन्या वेळेला मागासलेपणाची खूण म्हणणं मला पटत नाही. गणित चोख होतं. फक्त शेजाऱ्यांशी जुळत नव्हतं.

शेजारी होते सिएरा लिओन, गिनी आणि आयव्हरी कोस्ट. १९७२ मध्ये तिघेही ग्रीनिच वेळेवर होते. खरं तर रेखांश पाहिले तर लायबेरिया जवळजवळ संपूर्ण ‘उणे एक तास’ या पट्ट्यात पडतो. तो पट्टा घेतला असता तर घड्याळं फक्त साडेपंधरा मिनिटं मागे न्यावी लागली असती. पण मग सीमेपलीकडच्या प्रत्येक गावाशी तासाभराचा फरक पडला असता. विमानांच्या आणि जहाजांच्या वाहतुकीतही ग्रीनिचचीच वेळ वापरली जायची. व्यवहाराच्या दृष्टीने ग्रीनिच सोयीचं होतं, आणि सूर्य थोडा बाजूला पडला.

किती बाजूला? आज मोनरोव्हियात घड्याळाची दुपार होते तेव्हा सूर्य अजून माथ्याच्या बराच पूर्वेला असतो. तो सरासरी बारा वाजून त्रेचाळीस मिनिटांनी मध्यावर येतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, त्यामुळे ही वेळही वर्षभर सरकत राहते: नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुमारे १२:२७, फेब्रुवारीच्या मध्याला १२:५७. विषुववृत्त जवळ असल्याने दिवसाची लांबी मात्र फारशी बदलत नाही.

१९७२ च्या त्याच पहिल्या आठवड्यात जगाचं घड्याळही बदललं होतं, हा निव्वळ योगायोग. आण्विक घड्याळांवर आधारलेली, गरजेनुसार लीप सेकंद, म्हणजे एक जादा सेकंद, घालणारी आजची वैश्विक वेळ १ जानेवारी १९७२ ला सुरू झाली. तिचा मेळ नीट बसावा म्हणून १९७१ च्या शेवटी ०.१०७७५८ सेकंद जोडले गेले. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत केलेली ती दुरुस्ती, आणि सहा दिवसांनी लायबेरियाची साडेचव्वेचाळीस मिनिटांची उडी.

या उडीचा हिशोब संगणकांना अजून ठेवावा लागतो. बहुतेक संगणक आपली वेळ १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिच मध्यरात्रीपासून मोजतात. त्या क्षणी मोनरोव्हियात ३१ डिसेंबर १९६९ चे रात्रीचे ११ वाजून १५ मिनिटं ३० सेकंद झाले होते. ग्रीनिचपासूनचा फरक तास आणि मिनिटांतच लिहिण्याचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे, त्यात ते तीस सेकंद बसत नाहीत. पायथन या लोकप्रिय संगणकभाषेनेही २०१८ साली आलेल्या ३.७ आवृत्तीपासून पूर्ण मिनिटांची अट काढली. जगभरची यंत्रं जिच्यावर विसंबतात त्या टाइम झोनच्या माहितीसंचात १९७० नंतर एकसारखी चालणारी ठिकाणं एकाच नोंदीखाली ठेवतात. त्यामुळे अक्रा, डाकार, बामाको, फ्रीटाउन ही पश्चिम आफ्रिकेतली सगळी शहरं आज आयव्हरी कोस्टमधल्या आबिजानच्या नोंदीला जोडलेली आहेत. मोनरोव्हियाला मात्र स्वतंत्र नोंद आहे, आणि ती १९७० नंतरच्या फक्त दोन वर्षं सहा दिवसांमुळे.