मधाच्या अहवालातलं ‘सी-४ पास’ : पार्श्वभूमी

मधाच्या अहवालातला ‘सी-४ पास’ हा शेरा मधात ऊस किंवा मक्याची साखर मिसळलीय का, हे पाहणाऱ्या चाचणीचा असतो. मधात साखरेचा पाक मिसळलाय का, हे पाण्यात थेंब सोडून किंवा मधात बुडवलेली वात पेटवून कळत नाही. त्यातून फार तर मध पातळ आहे की दाट, एवढं समजतं. प्रयोगशाळेत अनेक दशकं भिस्त होती ती १९०८ च्या फीहे चाचणीवर : मधाचा ईथरमधला अर्क, त्यावर रिसॉर्सिनॉल आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल. लालभडक रंग आला की आम्लाने फोडलेल्या साखरेचा संशय. हा रंग एचएमएफ या पदार्थामुळे येतो, आणि मध तापवला किंवा उन्हाळाभर गोदामात ठेवला तरी एचएमएफ वाढतो. उलट, विकरांनी तयार केलेल्या पाकात तो फारसा नसतो. त्यामुळे १९७० च्या दशकात अमेरिकेत मक्याचा फ्रुक्टोजयुक्त पाक स्वस्त झाला, तशी ही चाचणी निरुपयोगी ठरू लागली.

उत्तर सापडलं ते कार्बनच्या समस्थानिकांत, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंत. ऊस, मका, ज्वारी, बाजरी या सी-४ वनस्पती (हवेतला कार्बन शोषण्याच्या पद्धतीवरून पडलेलं नाव). त्यांच्या साखरेत कार्बन-१३ थोडा जास्त असतो. भात, गहू, बीट आणि मकरंद देणारी बहुतेक झाडं सी-३ गटातली, म्हणजे कार्बन-१३ कमी असलेली. हे प्रमाण एका ठरलेल्या मानकाहून किती कमी, हे वजा आकड्यात सांगतात. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत अस्सल मधाची सरासरी वजा २५.४ प्रति हजार आली, तर मक्याच्या पाकाची वजा ९.७. सुरुवातीला साधारण वजा २३.५ ही मर्यादा धरली जाई; आकडा त्याहून शून्याकडे सरकला की भेसळीचा संशय. पण मूळ मध वजा २६ चा असेल, तर त्यात १५ टक्के मक्याचा पाक घालूनही आकडा मर्यादेतच राहतो. ही पळवाट भेसळ करणाऱ्यांनी पुरेपूर वापरली.

१९९० च्या दशकात ती बुजवली गेली. मधातलं प्रथिन त्याच मधाचा साक्षीदार मानायचं आणि प्रथिन व मध या दोघांचे कार्बन-१३ चे आकडे ताडायचे, अशी ही पद्धत. पाकात प्रथिन जवळजवळ नसतं, त्यामुळे पाक घातला तरी प्रथिनाचा आकडा हलत नाही. १० ते १२ ग्रॅम मध ४ मिली पाण्यात कालवायचा. १० टक्के सोडियम टंगस्टेट २ मिली आणि ०.३३५ मोलर सल्फ्युरिक आम्ल २ मिली एकत्र करून लगेच त्यात ओतायचं. ८० अंशाच्या पाण्यात धरून प्रथिनाचा साका सुटेपर्यंत हलवायचं. वरचं पाणी गढूळच राहिलं, तर आणखी २-२ मिली आम्ल घालून पुन्हा तापवायचं. मग सेंट्रिफ्यूज करायचं आणि साका पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचा. खरी चूक होते ती इथेच. धुणं कमी पडलं तर साक्याला चिकटलेली साखर प्रथिनाचा आकडा मधाच्या आकड्याकडे ओढते, दोघांतला फरक घटतो आणि भेसळीचा नमुना सुटतो. अतिसूक्ष्म गाळलेल्या मधात साकाच नीट सुटत नाही.

हिशेब असा. प्रथिन वजा २५.५ आणि मध वजा २४.२ असेल, तर फरक १.३, त्याला १५.८ ने (प्रथिन आणि मक्याचा पाक यांतलं अंतर) भागलं की सी-४ साखर ८.२ टक्के. मर्यादा ७ टक्के, म्हणून नमुना नापास.

महाराष्ट्रात या आकड्याला आणखी एक पदर आहे. पावसाळ्यात फुलोरा नसताना मधमाश्यांच्या पेट्यांना साखरेचं खाद्य द्यावं लागतं आणि आपली साखर उसाची, म्हणजे सी-४. खाद्याचा उरलेला पाक पोळ्यातून काढून न टाकता मध काढला, तर बाजारात काहीही न मिसळता नमुना नापास होऊ शकतो. युरोपात बीटची साखर खाऊ घातली, तर ही चाचणी गप्प बसते.

म्हणूनच ‘सी-४ पास’ याचा अर्थ ‘शुद्ध’ असा लावणं चूक आहे. ऊस आणि मका मर्यादेत आहेत, एवढंच ती चाचणी सांगते. तांदळाच्या पाकाबद्दल ती काहीच सांगत नाही, आणि बाजार नेमका तिकडेच वळला.

या पार्श्वभूमीवर २०१९ चा निर्णय समजून घ्यावा लागतो. २०१८ च्या भारतीय मानकांत तांदळाच्या पाकाच्या खुणा आणि परक्या ऑलिगोसॅकराइड साखळ्या (मधात मुळात नसणाऱ्या, साखरेच्या रेणूंच्या छोट्या साखळ्या) शोधणं बंधनकारक झालं होतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये हे निकष वगळले गेले. सी-४ चाचणी राहिली. पण तिला जे दिसत नाही, नेमकं तेच तपासणं थांबलं. आमच्या मते यातलं नुकसान प्रामाणिक मधपाळाचं होतं, कारण त्याला स्वस्त पाकाच्या भावाशी स्पर्धा करावी लागते. २०२० मध्ये यातले बरेच निकष परत आले. अमेरिकेला जाणाऱ्या मधासाठी १ ऑगस्ट २०२० पासून एनएमआर चाचणी (चुंबकीय क्षेत्रात नमुन्यातल्या घटकांचा आलेख काढणारी) सक्तीची झाली; देशात विकल्या जाणाऱ्या मधासाठी नाही. त्याच डिसेंबरात एका स्वयंसेवी संस्थेने १३ ब्रँड तपासून घेतले, तेव्हा फक्त ३ सर्व चाचण्यांत उतरले. कंपन्यांनी हरकत घेतली. एनएमआर नमुन्याचा आलेख अस्सल मधांच्या संग्रहाशी ताडतो. संग्रहात भारतीय मध किती, हा प्रश्न रास्तच आहे. पण त्यावर उपाय म्हणजे जांभूळ, हिरडा, कारवीच्या मधाचे नमुने गोळा करून संग्रह वाढवणं. चाचणी टाळणं हा नव्हे.

युरोपीय महासंघाने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या तपासणीत आयात मधाच्या ३२० पैकी १४७ नमुने संशयास्पद निघाले. मका-उसाच्या पाकांची जागा बहुतेक तांदूळ, गहू आणि बीटच्या पाकांनी घेतल्याचं त्यात दिसलं.