ब्रिटनची गृहआघाडी (दुसरे महायुद्ध)

रणभूमीपासून दूर, घरे, शेते आणि कारखाने सांभाळणाऱ्या नागरिकांच्या युद्धकालीन जीवनाला गृहआघाडी म्हणतात. ब्रिटनमध्ये ती युद्ध जाहीर होण्याच्या दोन दिवस आधीच उभी राहिली. १ सप्टेंबर १९३९ च्या रात्रीपासून ब्लॅकआउट लागू झाला. खिडकीतून उजेडाची तिरीपही बाहेर दिसता कामा नये, असा नियम होता. त्याच दिवशी मोठ्या शहरांतली मुले खेड्यांकडे रवाना होऊ लागली. तीन दिवसांत सुमारे १५ लाख लोक हलवले गेले, त्यांत लहान मुलांच्या आयाही होत्या. बॉम्ब पडेनात, तेव्हा जानेवारी १९४० पर्यंत जवळपास निम्मे परतले. सप्टेंबरमध्ये लंडनवर रात्रीमागून रात्री हल्ले सुरू झाले, तेव्हा त्यांतली कितीतरी मुले पुन्हा शहरातच होती.

रेशनिंग ८ जानेवारी १९४० रोजी बेकन, लोणी आणि साखर यांपासून सुरू झाले. प्रत्येकाला रेशनचे पुस्तक मिळे आणि ठरलेल्या दुकानदाराकडे नाव नोंदवावे लागे. त्याच वर्षी चहाही आला: आठवड्याला माणशी दोन औंस, म्हणजे साधारण ५७ ग्रॅम. जून १९४१ पासून कपड्यांनाही कूपन लागू लागले. पाव आणि बटाटे मात्र युद्ध संपेपर्यंत खुले राहिले, आणि पोट भरत असे ते त्यांच्यावरच. या व्यवस्थेचा खरा भार बायकांवर होता. रांगेत उभे राहणे, आहे त्यात घर भागवणे हे तर होतेच. शिवाय डिसेंबर १९४१ च्या कायद्याने २० ते ३० वयाच्या अविवाहित स्त्रियांना युद्धकामासाठी सक्तीने बोलावता येऊ लागले. बॉम्बहल्ल्यांच्या वर्णनांत हे रोजचे कष्ट झाकले जातात, म्हणून ते इथे आवर्जून नोंदवायला हवेत.

हवाई हल्ल्यांत युद्धभरात सुमारे ६०,००० नागरिक मेले. पण गृहआघाडीवरच्या सर्वांत दारुण घटनांपैकी एक बॉम्बविना घडली. ३ मार्च १९४३ च्या संध्याकाळी भोंगा वाजला आणि पूर्व लंडनमधल्या बेथनल ग्रीन या भुयारी स्थानकात लोक आसऱ्याला उतरू लागले. इतक्यात जवळच्या बागेतून विमानविरोधी रॉकेटे सुटली. तो आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. बॉम्ब पडला असे वाटून वरच्यांनी लोटालोट केली. ओल्या, जेमतेम उजेडाच्या जिन्यावर एक बाई पडली आणि तिच्यावर माणसांचा ढीग झाला. १७३ जण गुदमरून मेले, त्यांत ६२ मुले होती. चौकशी लगेच झाली, मात्र तिचा अहवाल जानेवारी १९४५ पर्यंत दडवून ठेवला गेला. नातेवाइकांना इतका काळ उत्तराविना ठेवणे हा त्यांच्यावरचा दुसरा घाव होता.

युद्ध १९४५ मध्ये संपले, टंचाई संपली नाही. युद्धात कधीच रेशनवर न आलेला पाव जुलै १९४६ मध्ये रेशनवर आला आणि दोन वर्षे तसाच राहिला. मांसावरचे शेवटचे निर्बंध उठायला ४ जुलै १९५४ उजाडला.