कोयनेचा खरा जोर भिंतीच्या पलीकडे

कोयना धरणाची भिंत १०३ मीटर उंच आहे. पावसाळ्यात दरवाजे उचलले की बातम्यांत तीच दिसते, त्यामुळे वीजही तिच्या पायथ्याशी होत असणार असं वाटतं. पायथ्याला वीजघर आहेही, पण जेमतेम ४० मेगावॉटचं. प्रकल्पाची एकूण क्षमता आहे १,९६० मेगावॉट. बाकीची वीज डोंगराच्या पलीकडे, चिपळूणच्या बाजूला तयार होते.

नकाशा पाहिला की कोडं सुटतं. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना सह्याद्रीच्या कण्याला धरून दक्षिणेकडे येते, हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेत मिसळते. तिच्या उजव्या हाताला, काही किलोमीटरवर, कडा थेट कोकणात उतरतो. पाणी बोगद्याने तिकडे नेलं की कितीतरी पट उंची आयतीच मिळते.

विजेचा हिशोब दोनच गोष्टींवर चालतो: पाणी किती आणि पडतं किती उंचीवरून. गच्चीवरची हजार लिटरची टाकी घ्या. तेवढं पाणी ८० मीटरवरून सोडलं तर सुमारे ०.२ युनिट वीज होते. डोंगरापलीकडच्या पोफळीच्या वीजघरात तेच पाणी पावणेपाचशे मीटर खाली येतं आणि एका युनिटहून थोडी जास्त देऊन जातं. पुढे कोळकेवाडीच्या धरणात अडवून त्याच्याकडून पुन्हा ३२० मेगावॉटचं काम करून घेतात, मग ते वाशिष्ठी नदीत सोडतात.

मग एवढी भिंत कशाला? साठवायला. पाऊस चार महिने, वीज बारा महिने. (११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात ही भिंत तडकली होती; नंतर तिला मागून काँक्रीटचा टेकू दिला.)

प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याचं वीजघर उभारताना पंचाईत वेगळीच होती. भरलेल्या शिवसागराला, म्हणजे धरणामागच्या जलाशयाला, खालून तोंड पाडायचं, तेही जलाशय रिकामा न करता. त्यासाठी बोगदा खालून खोदत तळापर्यंत नेला आणि शेवटचा काही मीटरचा खडक तसाच ठेवला. त्यात सुरुंग भरले. फुटलेले दगड बोगद्यात घुसून पुढे यंत्रांपर्यंत जाऊ नयेत म्हणून आधीच खड्डा करून ठेवला होता. १३ मार्च १९९९ ला स्फोट झाला आणि पाणी आत शिरलं. हेच लेक टॅपिंग. २०१२ मध्ये आणखी खालच्या पातळीवर ते पुन्हा करावं लागलं, उन्हाळ्यात पाणी उतरल्यावरही वीजनिर्मिती चालावी म्हणून.

मात्र कोकणात उतरलेल्या पाण्याला कृष्णा खोरं कायमचं मुकतं. म्हणून कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे. पोफळीची आणि चौथ्या टप्प्याची सगळी यंत्रं रात्रंदिवस पूर्ण ताकदीने चालवली तर माझ्या हिशोबाने हा कोटा दोनेक महिन्यांत संपेल. त्यामुळे कोयना सतत चालवत नाहीत. संध्याकाळी घराघरांत दिवे लागून मागणी चढली की काही मिनिटांत तिची यंत्रं सुरू करता येतात. कोळशाच्या वीजघराला थंड अवस्थेतून उठायला तासन्‌तास लागतात.